लहान ऑफिसातला लिनक्स प्रॉक्सी

प्रॉक्सी सर्व्हर हा ऑफिसातले संगणक आणि इंटरनेट यांच्यामध्ये बसलेला मुनीम असतो. टेबलावरच्या माणसाने एखादी वेबसाइट उघडली की त्याचे मशीन थेट बाहेर जात नाही. मागणी मुनिमाकडे जाते, मुनीम ती स्वतःच्या नावाने बाहेर नेतो, आलेला माल मागणाऱ्याच्या हाती देतो आणि वहीत एक ओळ लिहितो. कोणाला काय द्यायचे नाही, हे त्याला आधी सांगून ठेवता येते. तोच माल पुन्हा कोणी मागितला, तर तो मागच्या फळीवरून काढून देतो, दुसऱ्यांदा बाजारात जात नाही. लिनक्सवर हे काम करणारा मुरलेला प्रोग्राम म्हणजे स्क्विड. १९९४ च्या सुमारास युरोपातल्या सर्न प्रयोगशाळेच्या वेब सर्व्हरमध्ये अशा मध्यस्थाची सोय झाली होती. १९९६ मध्ये अमेरिकेतल्या हार्वेस्ट या संशोधन प्रकल्पातला साठवणुकीचा भाग वेगळा काढून ड्वेन वेसल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्क्विड आकाराला आणला. तो मुक्त परवान्याखाली असल्याने त्याला पैसे पडत नाहीत. लहान ऑफिसांत तो शिरला, त्यामागे हे कारण मोठे आहे.

छत्रपती संभाजीनगरात, म्हणजे २०२३ पर्यंतच्या औरंगाबादेत, लहान ऑफिस साधारण दोन प्रकारचे. १९८५ मध्ये वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला आणि त्याच्या आसपास सुटे भाग पुरवणाऱ्यांच्या शेड उभ्या राहिल्या. अशा शेडच्या पुढच्या बाजूला काचेची केबिन असते आणि तिथे पर्चेस, स्टोअर, डिस्पॅच, अकाउंट मिळून दहा-पंधरा मशीन असतात. चिकलठाणा आणि शेंद्र्यालाही तेच चित्र. दुसरा प्रकार शहरातला: जालना रोड, उस्मानपुरा, समर्थनगर या भागांतली सीए, वकील, आर्किटेक्ट मंडळींची ऑफिसे. दोन्हीकडे आयटी विभाग नावाची वस्तू नसते. वर्षाच्या कराराने बांधलेला कॉम्प्युटरवाला फोन केला की मोटरसायकलवर येतो. प्रिंटर, टॅली, कॅमेरे, यूपीएस हे सगळे त्याच्याकडेच असते आणि प्रॉक्सीही त्यालाच बसवावा लागतो. पुढचे वर्णन अशा माणसाच्या कामाचे आहे.

प्रॉक्सीची गरज पहिल्यांदा भासली ती लाइन अरुंद होती म्हणून. जानेवारी २००५ मध्ये बीएसएनएलचे ब्रॉडबँड सुरू झाले तेव्हा सेकंदाला २५६ किलोबिट म्हणजे वेग होता. सरकारच्या २००४ च्या धोरणातही ब्रॉडबँडची किमान व्याख्या तेवढीच होती. २५६ किलोबिट म्हणजे सेकंदाला ३२ किलोबाइट. पाच एमबीची एक ड्रॉइंग फाइल उतरायला अडीच मिनिटांहून जास्त वेळ, तोही बाकीच्यांनी हात आवरले तर. काही योजनांत महिन्याच्या डाउनलोडला मर्यादा असे आणि रात्री २ ते सकाळी ८ हे तास मोजणीबाहेर असत. मोठी डाउनलोडे त्या वेळेला लावून ठेवायची, हा त्या काळातल्या प्रत्येक कॉम्प्युटरवाल्याचा उद्योग होता. अँटिव्हायरसचा वीस एमबीचा अपडेट पंधरा मशीननी पंधरा वेळा उतरवला तर तीनशे एमबी गेले. तोच प्रॉक्सीने एकदा उतरवून ठेवला तर वीस एमबीत भागले. या शहराला साठवणुकीचे महत्त्व वेगळे पटवून द्यावे लागत नाही. मलिक अंबरच्या नहरीपासून पाणचक्कीच्या हौदापर्यंत आणि तिथून आजच्या गच्चीवरच्या काळ्या टाक्यांपर्यंत, नळाला पाणी काही दिवसांआड येणार हे धरूनच इथली घरे बांधली जातात. ‘साहेब, नेटची टाकी बसवू’ एवढे सांगितले की मालकाला मुद्दा कळत असे.

यंत्र नवे लागत नाही. अकाउंटला नवे मशीन आले की जुने मोकळे होते, तेच घ्यावे. प्रोसेसरपेक्षा रॅम महत्त्वाची, कारण डिस्कवर काय काय साठवले आहे याची सूची स्क्विड रॅममध्ये ठेवतो. दर एक जीबी साठ्यामागे सुमारे दहा ते चौदा एमबी रॅम सूचीलाच जाते. सुरुवात करताना हा हिशेब कोणी करत नाही आणि मग डिस्क मोठी आहे म्हणून सगळी साठ्याला देऊन टाकतात. काही आठवड्यांनी साठा भरत आला की रॅम संपते, मशीन स्वॅपवर जाते, आणि वेग वाढवायला आणलेल्या वस्तूमुळेच नेट रांगू लागते. दहा जीबीचा साठा लहान ऑफिसला पुरून उरतो.

लॅन कार्डे दोन हवीत: एक बाहेरच्या राउटरकडे, एक आतल्या स्विचकडे. लिनक्स कोणत्या कार्डाला कोणते नाव देईल ते पाठीमागच्या भोकांकडे पाहून कळत नाही. ‘इथटूल’ नावाच्या आज्ञेने हव्या त्या कार्डाचा दिवा लुकलुकवता येतो. टेबलाखाली वाकून तो दिवा पाहायचा आणि मार्करने डब्यावर ‘आत’ आणि ‘बाहेर’ असे लिहून टाकायचे. पुढे कधीतरी झाडलोट करताना दोन्ही वायरी निघतात आणि उलट्या बसतात, तेव्हा या दोन शब्दांनी अर्धा दिवस वाचतो. केबल नव्याने क्रिम्प करावी लागली तर रंगांचा क्रम दोन्ही टोकांना एकच ठेवायचा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. शेडमधून प्रेसच्या बाजूने नेलेली केबल शंभर मीटरच्या आत असली तरी त्रास देते; मोटारींच्या वायरींपासून तिला लांब ठेवलेले बरे.

जागा हा खरा अवघड प्रश्न. लहान ऑफिसात सर्व्हर रूम नसते, त्यामुळे डबा रिसेप्शनच्या टेबलाखाली किंवा फायलींच्या कपाटावर जातो. एप्रिल-मेमध्ये पारा चाळीसच्या पुढे जातो, शेडमधली लोखंडी धूळ पंख्यात बसते आणि दर दोन महिन्यांनी डबा उघडून ब्लोअर मारावा लागतो. यूपीएस हवाच. लोडशेडिंगच्या वर्षांत लाइट दिवसातून अनेक तास जायची. जुन्या ईएक्सटी-२ पद्धतीच्या डिस्कवर अशा प्रत्येक धक्क्यानंतर मशीन सुरू होताना पूर्ण तपासणी चाले आणि तेवढा वेळ ऑफिस बसून राही. २००१ च्या अखेरीस लिनक्सच्या मुख्य कर्नलमध्ये आलेल्या ईएक्सटी-३ ने बदलांची रोजनिशी ठेवायला सुरुवात केली आणि ती वाट पाहणे संपले. दुसरा धोका लाइटपेक्षा मोठा असतो. संध्याकाळी सगळ्यात शेवटी निघणारा माणूस चांगल्या सवयीने सगळी बटणे बंद करून जातो. म्हणून बोर्डावर कागद चिकटवावा लागतो: ‘हे बटण बंद करू नये. बंद केल्यास कोणाचेही नेट चालणार नाही.’ पहिले वाक्य एकटे असले तर उपयोग होत नाही. दुसरे लिहिले की माणूस हात मागे घेतो.

लिनक्सची कोणती आवृत्ती घ्यावी यावर वाद फार, फरक थोडा. एके काळी पीसीक्वेस्ट मासिकाबरोबर येणाऱ्या सीडीवरून काम होई, मग रेड हॅट ९, मग सेंटओएस. सेंटओएस ७ चा आधार ३० जून २०२४ ला संपला आणि ती चालवणाऱ्यांना दुसरे घर शोधावे लागले. आज डेबियन किंवा उबुंटूची दीर्घ आधाराची आवृत्ती घेणे सरळ. चित्रमय डेस्कटॉप टाकू नये. डेस्कटॉप असला की कोणीतरी त्या मशीनला मॉनिटर जोडून त्यावर पत्र टाइप करायला बसते.

स्क्विड बसवायला एक ओळ आणि पाच मिनिटे लागतात. त्याच्या मांडणीच्या फायलीत हजारो ओळी असतात, त्यांतल्या बहुतेक नुसत्या टिपा. कामाच्या ओळी तीस-चाळीस. मूळ फाइल बाजूला जपून ठेवावी आणि स्वतःची छोटी फाइल लिहावी. सहा महिन्यांनी ती वाचणारा माणूस दुसरा असतो. ऐकण्याचा पोर्ट ३१२८ हा स्क्विडचा ठरलेला. मग ‘एसीएल’ नावाच्या ओळींनी गट बांधायचे: १९२.१६८.१ पासून सुरू होणारे सगळे पत्ते म्हणजे ‘ऑफिस’, सकाळी साडेनऊ ते संध्याकाळी साडेसहा म्हणजे ‘कामाची वेळ’, अमुक साइटची यादी म्हणजे ‘बंद’. त्यानंतर कोणत्या गटाला काय, याच्या ‘अलाउ’ आणि ‘डिनाय’ ओळी.

इथे नवा माणूस हमखास अडकतो. स्क्विड नियम वरून खाली वाचतो आणि पहिला लागू पडणारा नियम सापडला की तिथेच थांबतो. खाली काय लिहिले आहे ते तो पाहतही नाही. फायलीत ‘सगळ्यांना डिनाय’ ही ओळ आधीपासून असते. आपली ‘ऑफिसला अलाउ’ ही ओळ तिच्या खाली गेली की सगळे अक्षर अन् अक्षर बरोबर असूनही कोणालाच नेट मिळत नाही. तासभर केबल तपासल्या जातात. याच्या उलट चूक जास्त महाग पडते. कंटाळून ‘सगळ्यांना अलाउ’ केले आणि बाहेरच्या बाजूचा पोर्टही उघडा राहिला, तर जगातले कोणीही त्या ऑफिसच्या नावाने इंटरनेटवर हिंडू शकते. उघडे प्रॉक्सी शोधत फिरणारे प्रोग्राम रात्रंदिवस चालू असतात. मग एखाद्या सकाळी लाइन भरून वाहताना दिसते, ऑफिसचा पत्ता काळ्या यादीत जातो आणि ग्राहकाला पाठवलेली मेल परत येऊ लागते. म्हणून स्क्विड फक्त आतल्या कार्डावर ऐकेल असे लिहावे, फायरवॉलमध्ये बाहेरून ३१२८ बंद करावा, आणि ‘सगळ्यांना डिनाय’ ही ओळ शेवटची ओळ म्हणून राहू द्यावी. फाइल बदलल्यावर स्क्विड पुन्हा सुरू करण्याआधी ‘पार्स’ची तपासणी चालवली तर चुकीच्या ओळीचा क्रमांक तिथेच कळतो.

वाटा किती ठेवायच्या, हा पुढचा निर्णय. प्रॉक्सीचे मशीन राउटरसारखे सगळी वाहतूक पुढे ढकलत असेल, तर ब्राउझरमधली प्रॉक्सीची खूण काढली की माणूस मोकळा. ही युक्ती स्टोअरमधल्या सर्वांत तरुण मुलाला सापडायला आठवडा पुरतो. तेव्हा थेट वाहतूक बंदच ठेवावी. पण पूर्ण बंद केली की आउटलुक अडते, कारण मेलचा प्रोग्राम वेबच्या प्रॉक्सीतून जात नाही. मेलच्या पोर्टांपुरती खिडकी उघडी ठेवावी लागते. काही सरकारी आणि बँकांची पोर्टले नेहमीच्या ४४३ ऐवजी वेगळ्याच पोर्टवर चालतात. स्क्विडच्या मूळ नियमांत सुरक्षित जोडणी फक्त ४४३ वर मान्य असते, म्हणून पान अर्धे उघडते आणि पेमेंटच्या पायरीला मरते. लॉगमध्ये तो पोर्ट सापडतो. तो यादीत घातला की काम होते.

मशीनवरचे सेटिंग हा सगळ्यात कंटाळवाणा भाग आणि सगळ्यात जास्त फोन इथूनच येतात. कोणतेही सेटिंग न करता सगळ्यांची वाहतूक गुपचूप प्रॉक्सीकडे वळवण्याचा मार्ग आहे, पण तो साध्या, कुलूप नसलेल्या पानांपुरताच सरळ चालतो आणि त्यात पासवर्ड विचारता येत नाही. प्रत्येक मशीनवर प्रॉक्सीचा पत्ता लिहिणे, किंवा एक छोटी नियम-फाइल सर्व्हरवर ठेवून सगळ्यांना तिचा पत्ता देणे, हा खात्रीचा मार्ग. यातली विसरू नये अशी खूण म्हणजे ‘स्थानिक पत्त्यांसाठी प्रॉक्सी वापरू नये’. तिचे महत्त्व महिन्याच्या २० तारखेला कळते. अकाउंटवाल्या मॅडम जीएसटीचे रिटर्न भरायला बसतात, डिजिटल सहीचे टोकन लावतात आणि सही होत नाही. सहीचा प्रोग्राम त्याच मशीनवर चालत असतो आणि ब्राउझर त्याच्याशी १२७.०.०.१ या पत्त्यावर बोलतो. हा पत्ता म्हणजे ‘मी स्वतः’. ही मागणी प्रॉक्सीकडे गेली की प्रॉक्सी ‘मी स्वतः’चा अर्थ आपल्यापुरता लावतो आणि तो प्रोग्राम स्वतःच्या पोटात शोधतो, जिथे तो नसतो. टोकन बदलले जाते, ड्रायव्हर पुन्हा टाकला जातो, मशीन फॉरमॅट मारण्यापर्यंत गोष्ट जाते. उपाय एका टिचकीचा असतो. प्रिंटर, कॅमेऱ्यांचा डीव्हीआर आणि हजेरीचे अंगठ्याचे यंत्र यांच्या बाबतीतही तसेच.

नाव सांगून पत्ता मिळवण्याचे काम, म्हणजे डीएनएस, प्रॉक्सी स्वतः करतो. त्याला दिलेल्या दोन डीएनएसपैकी पहिला मेलेला असेल तर एक खास लक्षण दिसते. पान उघडायला आधी बराच वेळ काहीच होत नाही, आणि मग सगळे झटकन येते. लाइन हळू असेल तर पान तुकड्यातुकड्याने येते. हा फरक डोळ्याला एकदा सवयीचा झाला की निम्म्या तक्रारी फोनवरच सुटतात.

वेग वाटून देण्याची स्क्विडची सोय ‘डिले पूल’ या नावाने आहे आणि तिची भाषा थेट बादलीची आहे. प्रत्येकाला एक बादली, तिच्यात दर सेकंदाला ठरावीक धार पडते. बादलीत असेल तेवढे भरभर घ्या, रिकामी झाली की धारेच्या वेगाने. आकडे बाइटमध्ये लिहायचे असतात आणि लाइनचा वेग सगळे बिटमध्ये बोलतात, त्यामुळे आठपटीची चूक ठरलेली. साठ्यातून दिलेल्या मालाला बादलीचा नियम लागत नाही, तो पूर्ण वेगाने मिळतो. अरुंद लाइनच्या दिवसांत ही सोय सोन्यासारखी होती. एकाने पिक्चर लावला तरी डिस्पॅचचे चलन निघत असे.

बंद साइट उघडली की स्क्विड इंग्रजी सूचना दाखवतो. ती पाहून लोक घाबरतात, व्हायरस आला असे समजून मशीन बंद करतात. हे पान बदलता येते. ‘ही साइट कामाच्या वेळेत बंद आहे. कामासाठी हवी असल्यास अकाउंटमध्ये सांगा. मशीन बिघडलेले नाही.’ असे तीन वाक्यांचे मराठी पान ठेवले की फोन एकदम कमी होतात, आणि ते मुख्यतः तिसऱ्या वाक्यामुळे. फाइल युनिकोडमध्ये जतन करावी आणि तसे पानाच्या डोक्यावर लिहावे, नाहीतर अक्षरांच्या जागी चौकोन येतात.

हे पान आता क्वचितच दिसते, आणि त्याचे कारण प्रॉक्सीच्या सगळ्या गणितालाच लागू पडते. गेल्या दशकात वेब कुलूपबंद झाले. २०१५ च्या अखेरीस लेट्स एन्क्रिप्टने फुकट प्रमाणपत्रे द्यायला सुरुवात केली. जुलै २०१८ पासून क्रोम साध्या पानांवर ‘असुरक्षित’ असा शिक्का मारू लागले. आता जवळपास प्रत्येक मागणी बंद लिफाफ्यातून जाते. मुनिमाला लिफाफ्यावरचा पत्ता दिसतो, आतले पत्र दिसत नाही. न दिसणारी वस्तू साठवता येत नाही, म्हणून फळी रिकामी राहते. लॉगमध्ये ‘हिट’ हा शब्द शोधावा लागतो आणि ‘टनेल’ पानोपानी भेटतो. नकाराचे मराठी पानही लिफाफ्याच्या आत घालता येत नाही, ब्राउझर स्वतःचीच इंग्रजी सूचना दाखवतो. लिफाफा फोडण्याची सोय स्क्विडमध्ये आहे: ऑफिसचे स्वतःचे प्रमाणपत्र बनवायचे, प्रत्येक मशीनला ते खरे मानायला लावायचे आणि सगळी वाहतूक मध्ये उघडून पुन्हा बंद करायची. लहान ऑफिसने या वाटेला जाऊ नये. त्या मशीनवरून बँकेचे व्यवहार होतात, आणि टेबलाखालच्या धूळभरल्या डब्यात सगळ्यांचे पासवर्ड उघड्याने फिरणार असतील तर त्या डब्याची राखण करायला कोणी नसते. शिवाय अनेक अ‍ॅप असे प्रमाणपत्र ओळखतात आणि चालायचे नाकारतात.

साठा गेला, बंदीही पातळ झाली. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आले आणि काही महिन्यांत ज्याच्या त्याच्या खिशात ऑफिसच्या लाइनहून वेगळे नेट आले. जी साइट प्रॉक्सीने अडवली ती मोबाइलवर दिसते, आणि हॉटस्पॉट चालू केला की ऑफिसच्या मशीनवरही दिसते. तरीही यादी ठेवण्यात अर्थ आहे, तो वेळ वाचवण्यासाठी कमी आणि खोट्या बँक-पानांच्या, फसव्या डाउनलोडांच्या पत्त्यांपासून अकाउंटचे मशीन वाचवण्यासाठी जास्त. साइट बंद ठेवली म्हणून माणसे काम करू लागतात, असे अनुभवाला आलेले नाही.

उरली नोंदवही. आजच्या प्रॉक्सीत सगळ्यात मोलाची आणि सगळ्यात जपून हाताळायची वस्तू तीच. लॉगच्या ओळीत पहिला आकडा वेळेचा असतो, पण घड्याळातला नव्हे. १ जानेवारी १९७० पासून मोजलेले सेकंद. समजा ओळीच्या सुरुवातीला १७१८०१२३४५ आहे आणि पुढे १९२.१६८.१.२३. जागतिक वेळेत तो आकडा म्हणजे १० जून २०२४, ९ वाजून ३९ मिनिटे. भारतीय वेळ साडेपाच तास पुढे, म्हणजे दुपारी ३ वाजून ९ मिनिटे. मधले साडेपाच तास विसरले तर अहवालात असे दिसेल की अमुक टेबलावरचा माणूस सकाळी ९:३९ लाच क्रिकेटचा स्कोअर पाहत होता. हजेरीच्या यंत्राप्रमाणे मात्र तो १० वाजता आत आला. दुसरा सापळा त्या २३ आकड्यात आहे. लॉगला माणूस माहीत नसतो, पत्ता माहीत असतो. राउटर जर पत्ते आपोआप वाटत असेल तर कालचा २३ आज दुसऱ्याच टेबलावर असू शकतो. म्हणून प्रॉक्सी सुरू करण्याआधी प्रत्येक मशीनच्या लॅन कार्डाचा कायमचा क्रमांक लिहून त्याला एकच पत्ता बांधून द्यावा, आणि मशीन, टेबल, पत्ता असा तक्ता वहीत करावा. नावाने लॉगिन ठेवण्याचाही मार्ग आहे, पण पासवर्ड कीबोर्डखाली चिठ्ठीवर लिहिलेला असतो आणि तो सगळ्या हॉलला पाठ असतो.

‘सार्ग’ नावाच्या प्रोग्रामने या लॉगचे रोजचे तक्ते निघतात: कोणत्या पत्त्याने किती एमबी, कोणत्या साइटवर. हे तक्ते मालकाला दाखवले की पहिल्या आठवड्यात तो रोज पाहतो. त्याला नावे हवी असतात. कॉम्प्युटरवाल्याची खरी परीक्षा इथे असते, कारण यंत्राने विचारलेला हा प्रश्न नाही. लॉग ठेवला जातो हे कर्मचाऱ्यांना आधी, लेखी, मराठीत सांगावे. तो कोण पाहणार आणि कशासाठी हे ठरवून घ्यावे. आणि दवाखाना, कर्ज, नोकरीच्या शोधातल्या साइटचे पत्ते तक्त्यातून गाळावेत. हे न करता निघालेल्या पहिल्याच यादीवरून ऑफिसात भांडण होते आणि त्यात यादी काढणाराही सापडतो. लॉग फेकून देणे हाही मार्ग नाही. सर्ट-इन या केंद्रीय संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत कंपन्यांनी आपल्या यंत्रणांचे लॉग मागच्या १८० दिवसांचे, आणि तेही भारतात, जपून ठेवावेत आणि घड्याळे एनआयसी किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळवून ठेवावीत असे आहे. मूळ मांडणीत जुने लॉग त्याच्या कितीतरी आधी पुसले जातात, तो आकडा बदलावा लागतो. आणि वाढवला तर डिस्कवर लक्ष ठेवावे लागते. लॉगची जागा भरली की स्क्विड थांबतो आणि बाहेरून ते लाइन गेल्यासारखेच दिसते.

लाइन तशीही जाते. कधी रस्ता खोदला म्हणून, कधी खांबावरची केबल तुटली म्हणून. प्रॉक्सी आल्यापासून मात्र प्रत्येक वेळी दोष प्रॉक्सीवर येतो, आणि दहापैकी काही वेळा तो खराही असतो, कारण सगळ्यांची वाट आता एका डब्यातून जाते. तपासणीचा क्रम ठरलेला असावा. सर्व्हरवरून राउटर दिसतो का, राउटरच्या पलीकडे ८.८.८.८ दिसतो का, नाव दिले तर पत्ता मिळतो का, डिस्कवर जागा आहे का, आणि शेवटी स्क्विड जिवंत आहे का. बहुतेक वेळा उत्तर पहिल्या दोन पायऱ्यांत मिळते आणि फोन नेटवाल्याला करायचा असतो.

काम सोपवताना दोन कागद द्यावेत. एकावर रूटचा पासवर्ड, पाकिटात बंद करून मालकाच्या कपाटात. दुसऱ्यावर, उघड्या आणि मोठ्या अक्षरांत, डबा बंद पडला तर प्रॉक्सी टाळून तात्पुरते नेट कसे चालू करायचे ते: कोणती वायर कुठून काढून कुठे लावायची आणि ब्राउझरमधली कोणती खूण काढायची. आपल्याच बंदीतून पळण्याची वाट आपणच लिहून देणे विचित्र वाटते खरे, पण २० तारखेच्या संध्याकाळी तो कागद नसेल तर कॉम्प्युटरवाल्याला शहराच्या या टोकाहून वाळूजपर्यंत जावे लागते.

आज नव्याने विचार करणाऱ्याने एवढे पाहावे. मशीन दहाच्या आत असतील आणि हेतू फक्त वाईट साइट अडवण्याचा असेल, तर राउटरमध्ये गाळणी असलेला डीएनएस लावला की काम भागते. प्रॉक्सी बसवू नये. वेग वाढेल या आशेने तर मुळीच बसवू नये. कोणत्या मशीनवरून केव्हा काय बाहेर गेले याची विश्वासार्ह नोंद ज्याला हवी आहे, आणि ती नोंद जपण्याची जबाबदारी घेणारा एक तरी माणूस ज्याच्या ऑफिसात आहे, त्याने जुने मशीन आणि एक लॅन कार्ड काढावे. बसवायला साप्ताहिक सुट्टीचा एक दिवस पुरतो.